जूनचा हट्ट

१२ जानेवारी

डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब पाहिला आणि म्हणाल्या, स्वावा, घरात ओरडण्याआधी एकदा कागदावर ओरडून बघा. म्हणून ही वही आणलीय. तर ओरडते. माझा नवरा वाल्दी हा एक नंबरचा हेकट माणूस आहे.

लग्न ठरलं तेव्हा हाच म्हणाला होता की तुला तुझ्या अम्माच्या गावी नेईन, अख्ख्या आइसलंडची गाडीने चक्कर मारून आणीन, आणि गाडी मीच चालवीन. अम्मा म्हणजे माझ्या आईची आई. पोरसवदा असताना स्कागाफ्योर्दूरच्या शेतावरून बोटीत बसली ती समुद्रापलीकडे इथे, तळ्याकाठच्या गिमलीत उतरली, आणि मरेपर्यंत त्या शेताचंच बोलत राहिली. मला दाखवायचं राहून गेलं, कारण दरवर्षी काहीतरी निघायचं. कधी जाळी नवी घ्यायची, कधी बोटीचं इंजिन बसलं, कधी मासळीला भाव नाही. आता बोटही विकली. आता कसलं निमित्त उरलंय?

नाताळात इंगाचा फोन आला. इंगा म्हणजे अम्माच्या भावाची नात. नवरा गेल्यापासून त्या शेतावर एकटीच राहते. म्हणाली, गुडघे गेले, या सप्टेंबरची रेत्तिर झाली की मेंढरं काढून टाकणार. रेत्तिर म्हणजे मेंढरं निवडायचा दिवस. उन्हाळाभर डोंगरात मोकळी सोडलेली पंचक्रोशीची सगळी मेंढरं त्या दिवशी खाली हाकून आणतात, गोल कोंडवाड्यात कोंबतात, आणि जो तो कानांवरची कापखूण बघून आपापली ओढून काढतो. आमच्या अम्माच्या घराण्याची खूण म्हणजे उजव्या कानाचा शेंडा सपाट छाटलेला आणि डाव्याला मागून एक खाच. अम्मा लाडात आली की आमचे कान चिमटीत धरायची आणि म्हणायची, ही बघा माझ्या खुणेची.

मला त्या वाड्यात उतरून त्या खुणेचं एक तरी मेंढरू माझ्या हातांनी ओढून काढायचंय. यंदा नाही तर कधीच नाही. यात न कळण्यासारखं काय आहे?

जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला, पेन्सिल हातात दिली, म्हटलं सप्टेंबर. वाल्दीने नकाशाकडे न बघताच सांगितलं, जून.

१४ जानेवारी

का जून? सांगत नाही. जूनमध्ये मेंढरं वर डोंगरात जातात, खाली येत नाहीत, हे शेंबड्या पोराला कळतं. जूनमध्ये सगळं जग तिथे लोटतं, खोल्या मिळत नाहीत. मी एकेक मुद्दा मांडला, आणि हा आपला बटाटा सोलल्यासारखा शांत.

शेवटी म्हणाला, "जूनमध्ये तिथे रात्रच होत नाही, स्वावा."

मग? आपल्याला काय रात्रभर गवत कापायचंय? म्हटलं, झोपायला डोळ्यांवर बांधायची पट्टी घेऊन जाऊ. त्यावर उठला आणि कुत्र्याला घेऊन बाहेर गेला. उंबऱ्यात कुत्र्याच्याच अंगावर धडपडला. बरं झालं.

२० जानेवारी

माझा आराखडा बघण्यासारखा आहे, स्वतःच स्वतःला शाबासकी देते. दक्षिणेच्या किनाऱ्याने निघायचं, काळ्या वाळूच्या गावात दोन रात्री, हिमनदीच्या तोंडाशी एक, पूर्वेचे फ्योर्द, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाड्या, सावकाश, मग उत्तरेला आकुरेरी, तिथून सिग्लुफ्योर्दूर, आणि शेवटी इंगाचं शेत. दर दिवशी गाडी जेवढी चालवायला हवी तेवढीच. वाऱ्याने गाडीचं दार उपटून जातं म्हणतात, त्याचा विमासुद्धा वेगळा घ्यायचा हे मी लिहून ठेवलंय.

आणि या शहाण्याने काय खोडलं? सिग्लुफ्योर्दूर! हेरिंग मासळीचं गाव! ज्या माणसाने हयात या तळ्यावर जाळी ओढण्यात घातली, ज्याच्या आजोबांनी त्या गावात मासे खारवले, त्याला तिथे जायचं नाही. कारण वाटेत बोगदे आहेत. त्यातला एक जुना, एकाच गाडीपुरता, समोरून कोणी आलं तर कडेच्या खोबणीत शिरून थांबायचं. म्हणतो, गटारात शिरायला मी उंदीर आहे का. बरं, हा एकच नाही. आकुरेरीजवळचा नवा बोगदाही नको, डोंगरावरून वळसा. राजधानीजवळचा समुद्राखालचाही नको, सगळ्या फ्योर्दला वळसा. वळसे घालता घालता जूनचा ऑक्टोबर होईल.

माणूस म्हातारा झाला की भित्रा होतो हे ऐकून होते. पण फुटणाऱ्या बर्फावरून गाडी पळवणारा माणूस बोगद्याला भितो?

शिवाय नकाशाला हात लावायला नको. संध्याकाळी मी दिवा लावून बसले की हा खुर्चीत मागे रेलतो आणि म्हणतो, तू वाच, मी ऐकतो. मी काय रेडिओ आहे?

२७ जानेवारी

काल थोर्राब्लोट होतं. वर्षातून एकदा सगळं गाव हॉलमध्ये जमतं, धुरी दिलेलं मटण, आंबवलेलं काय काय, गाणी. वाल्दी आला नाही. गेल्या वर्षीही आला नव्हता. मी फ्योलाच्या गाडीतून गेले. ती माझी शाळेपासूनची मैत्रीण, तिच्यापुढे मी मनसोक्त शिव्या घातल्या.

फ्योला सगळं ऐकून म्हणाली, वाल्दी बरा आहे ना गं? हल्ली संध्याकाळचा कुठे दिसत नाही. पत्त्यांना यायचा तेही बंद केलं त्याने.

म्हटलं, त्याला काय धाड भरलीय? कंबर दुखते म्हणून बर्फावरची मासेमारी सोडली, आणि त्याच आठवड्यात डीप फ्रीझर एकट्याने तळघरात उतरवला. दुखणं नाही, माज आहे. फ्योलाने मटणाचा तुकडा तोंडात घातला आणि विषय बदलला. तिलाही वाल्दीचा पुळका आहे, सगळ्या गावाला आहे.

घरी आले तर हा स्वयंपाकघरात बूड टेकून जमिनीवर. भांड्यांच्या मशीनचं दार मी उघडं ठेवलं होतं, त्यावर आपटला. नडगीतून रक्त. चुकलं माझं म्हणायला गेले, तर तोंडातून निघालं, "एवढं दार दिसत नाही? डोळे आहेत की बटणं?"

हल्ली उलट बोलायचंही सोडलंय, त्याचा जास्त संताप येतो.

३ फेब्रुवारी

त्याने तिकिटं काढली. जूनची. मला न विचारता! परत न करता येणारी! न्याहारीला कॉफी ओतता ओतता सांगतो, जणू पाव संपला म्हणून सांगतोय. कॉफीही अर्धी बशीत.

मी विचारलं, इंगाची रेत्तिर? म्हणे, इंगाला जूनमध्ये भेटू, शेत तर तेच आहे ना. शेत तेच! चर्च तेच आहे म्हणून लग्नाला दुसऱ्या दिवशी गेलं तर चालतं का?

माझी अम्मा, माझी खूण, माझं एक मागणं. आयुष्यात या माणसाकडे दुसरं काही मागितलं नाही. मी रडले नाही, पण ताटली फेकली. निळ्या काठाची, त्याच्या आईची. वाईट वाटलं नाही.

४ फेब्रुवारी

अबोला. शिवणाच्या खोलीत झोपते.

दुपारी विनार्तेर्ता केला. सात थरांचा केक, मध्ये आलुबुखाराचा लगदा, वेलदोडा दुप्पट. रागात लाटलं की थर पातळ येतात. त्याला तुकडाही दिला नाही. सगळा फ्रीझरमध्ये टाकला, सप्टेंबरमध्ये इंगाकडे न्यायला. मी जाणार आहे, एकटी जाणार आहे.

९ फेब्रुवारी

इंगाला सांगितलं, मी सप्टेंबरमध्ये एकटी येते. मी तिच्याशी अम्माच्या भाषेत बोलते आणि ती हसते, म्हणते तू माझ्या पणजीसारखी बोलतेस. आज हसली नाही. म्हणाली, आणि गाडी कोण चालवणार? मी म्हटलं, मी. बाहेरगावी जाताना वाल्दीने कधी चाक माझ्या हातात दिलं नाही ते सोड, गावात मी रोज चालवते.

मग इंगा जे बोलली त्याने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वाल्दी तिला फोन करतो! मी दुपारी वाचनालयात जाते तेव्हा! माझ्या नात्यातल्या बाईला, माझ्या पाठीमागे! काय बोलता म्हटलं, तर रस्त्याचंच विचारतो म्हणे. कुठला पूल एकपदरी, पुलांना कठडे कसले, कडेचे पिवळे खांब किती अंतरावर, कुठे डांबर संपून खडी लागते. एकदा विचारून थांबत नाही, पुढच्या वेळी सगळं तिला म्हणून दाखवतो, चुकलं तर दुरुस्त कर म्हणतो.

इंगा म्हणाली, "भला माणूस आहे गं."

भला! माझ्यासमोर नकाशाकडे बघत नाही आणि तिला पाढे म्हणून दाखवतो. जूनसाठी तिलाही वश करून घेतोय, दुसरं काय?

१३ फेब्रुवारी

अक्षर कसंही येईल, लिहून टाकते.

संध्याकाळी फ्योलाकडून निघाले तर माझी गाडी चालू होईना. थंडीने बॅटरी बसलेली. फ्योला मुलीकडे गेली होती, मी तिच्या मांजरांना खायला घालायला आले होते. वाल्दीला फोन केला. म्हणाला, टॅक्सी बोलाव. गिमलीत टॅक्सी! म्हणाला, मग फ्योलाकडेच झोप. मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. एवढंच लिहिते की शेवटी म्हटलं, बायको थिजून मेली तरी तुला तुझी खुर्ची सोडवणार नाही, मर तिथेच. फोन आपटला.

आला. खिडकीतून त्याचा ट्रक दिसला आणि माझं डोकं आणखीनच फिरलं. चालत येणाऱ्या माणसाच्या वेगाने येत होता. एवढ्या थंडीत काच खाली, मुंडकं बाहेर, चाक रस्त्याच्या कडेच्या बर्फाला घासतंय. मला वाटलं, मुद्दाम. मला वाट बघायला लावतोय. मी बाहेर येऊन फाटकाशी उभी राहिले, कमरेवर हात ठेवून, म्हणजे त्याला नीट दिसावं की मी बघतेय.

ट्रक फ्योलाची टपालपेटी घेऊन माझ्या अंगावर आला. मी बर्फात उडी मारली. माझ्या पायापासून हातभर अंतरावर थांबला.

मी दार उघडलं आणि किंचाळले, "डोळे आहेत की बटणं?"

दोन्ही हात चाकावर घट्ट, कपाळावरचा घाम गोठलेला. माझ्याकडे बघत होता, पण माझ्या खांद्याच्या पलीकडे कुठेतरी.

"बटणंच समज आता," वाल्दी म्हणाला. "तू तिथे होतीस का, स्वावा?"

१४ फेब्रुवारी

ट्रक तिथेच सोडून काल हाताला धरून त्याला चालत आणलं. माझ्या तोंडाला कुलूप लागायची ही पहिलीच वेळ.

आज सगळं ओकला. दोन वर्षं माहीत आहे त्याला! विनिपेगच्या डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलंय, आधी अंधारातलं जाईल, मग कडेचं, नळीतून बघितल्यासारखं उरेल, मग तेही आकसत जाईल. औषध नाही. अंधारात गाडी चालवू नका म्हणून तेव्हाच बजावलं होतं. आणि हा घरी येऊन मला म्हणाला होता, चष्म्याचा नंबर बदललाय.

दोन वर्षं! मी दारं उघडी टाकत होते, खुर्च्या सरकवत होते, कुत्रा वाटेत झोपू देत होते. दोन वर्षं मी याला माजलेला म्हणत होते आणि हा म्हणू देत होता. मी एवढी चिडलेय की चिडायला जागा पुरेना. त्याच्यावर तर आहेच. लोकांसमोर बावळट ठरणं बरं, पण बायकोला कळलं तर आभाळ कोसळणार होतं का?

विचारलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाला, सांगितलं असतं तर तू गाडीची किल्ली काढून घेतली असतीस.

हो, घेतलीच असती.

"एकदाच न्यायचं होतं गं तुला," म्हणाला. "मी चालवून. कबूल केलं होतं. जूनमध्ये तिथे चोवीस तास उजेड असतो, मला जमलं असतं. पुढच्या जूनचं सांगता येत नाही."

बाहेर दुकानांत लाल फुगे लावलेत, प्रेमाचा दिवस म्हणे. जाळून टाकावेसे वाटले.

२२ फेब्रुवारी

आठवडाभर नुसतं भांडण. पण आता निदान खरं भांडण आहे.

मी म्हणते सप्टेंबर, गाडी मी चालवते. तो म्हणतो, जूनमध्ये मी तुझा नवरा असेन, सप्टेंबरमध्ये सामान. गाडीतून उतरवायचं, खोलीत ठेवायचं, सकाळी उचलायचं. मी म्हटलं, सामान एवढी बडबड करत नाही. हसला नाही. मग मी फार वाईट बोलले, की तुझा शब्द तुला राखायचा होता, माझी अम्मा गेली खड्ड्यात. तो उठून खिडकीशी गेला. दुपार होती, त्याला दिसत होतं. खूप वेळ तळ्याकडे बघत बसला.

मला कळतं, मी आंधळी नाही. हा शब्दही आता घरात वापरता येणार नाही, बघा. जूनमध्ये त्याला हिमनदी दिसेल, सप्टेंबरमध्ये अर्धी. मी सप्टेंबर मागते म्हणजे त्याच्या उजेडातून मागते. आणि जून घेतला तर अम्माच्या खुणेचं मेंढरू मला परत मिळणार नाही. दोघांपैकी एकाचं जाणारच. यात चूक कोणाची? कोणाचीच नाही, आणि म्हणूनच मला कोणाचातरी गळा धरावासा वाटतो.

इंगाला फोन लावला आणि तिच्यावरच ओरडले, तुला ठाऊक होतं का? म्हणाली, शंका होती, रस्त्याचे खांब बोटांवर मोजणारा ड्रायव्हर कुठे असतो? सांगायला काय झालं होतं, तर म्हणे, विचारलं नाहीस. हे लोक असेच. मग म्हणाली, वाल्दीला फोन दे.

दोघं बराच वेळ बोलले. हा नुसता हं हं करत होता. मग फोन ठेवून मला म्हणाला, "तुझ्या त्या जाड बुटांच्या आतला जुना लोकरी नमदा कुठे आहे?"

इंगाने त्याला सांगितलं होतं की वाड्यात धूळ, लोकर आणि ढकलाढकल एवढी असते की जुनी माणसं कानांकडे बघतच नाहीत. मेंढी दोन गुडघ्यांत धरायची आणि बोटांनी कान वाचायचा. तिचा नवरा डोळे आभाळाकडे लावून वाचायचा. म्हणाली, त्याची वाड्यातली जागा रिकामी आहे, येणार असशील तर सांग, नाहीतर शेजाऱ्याला सांगते. दया नाही, माया नाही, गडी पाहिजे म्हणून विचारलं.

मी नमद्याचे कान कापले. आमच्या खुणेचे दोन, आणि दुसऱ्या खुणांचे ढीगभर. पिशवीत घालून त्याच्या मांडीवर दिले. पहिल्यांदा शेजाऱ्याची मेंढी ओढली. मी म्हटलं, चोर कुठला.

१ मार्च

जूनची तिकिटं बदलून सप्टेंबरची घेतली. परत न करता येणारी होती, बदलता येत होती. त्या बाईने भुर्दंड सांगितला तेव्हा वाल्दी शेजारी बसून कान चाचपत होता. म्हटलं, हा तुझ्या हेकटपणाचा दंड. म्हणाला, तुझ्याशी लग्न केल्याचा दंड भरतोच आहे.

सिग्लुफ्योर्दूर पुन्हा आराखड्यात आलं, बोगद्यांसकट. अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचायचं, ही त्याची अट. मी मान्य केली. हिमनदीशी एकाच्या दोन रात्री केल्या, आणि दोन्ही दिवस दुपारी कुठे जायचं नाही, फक्त बघत बसायचं, असं स्वतःच्या हाताने लिहिलं. त्याला वाचून दाखवलं नाही. त्याला वाटेल मी वितळले. अजून ते दोन वर्षांचं मी माफ केलेलं नाही.

विनार्तेर्त्याचा एक कोपरा फ्रीझरमधून कापलेला दिसतोय. नळीतून तेवढं बरोबर दिसतं.

२१ मार्च

आज विनिपेगला त्याच्या डॉक्टरकडे नेलं. गाडी मी चालवली. हायवेवर माझे खांदे कानाला टेकले होते. डॉक्टरने सांगितलं, सहा महिन्यांत आणखी आकसलंय. मी विचारलं, सप्टेंबरपर्यंत? त्याने खांदे उडवले. असल्यांना एवढे पैसे कशाला देतात?

परतताना मी मुद्दाम तळ्याकाठचा जुना रस्ता धरला, वळणांचा सराव हवा म्हणून. वाल्दी शेजारी बसला होता, मांडीवर हात, आणि आइसलंडचा रस्ता म्हणत होता. अख्खा पाठ आहे त्याला. आता उतार. आता खडी, वेग कमी कर. आता एकपदरी पूल, जो आधी पोचेल त्याचा हक्क, पलीकडे कोणी आहे का बघ. मी म्हटलं, पलीकडे विनिपेग बीचचं पिझ्झाचं दुकान आहे. म्हणाला, मग थांब, त्याला जाऊ दे. आणि मी, मूर्खासारखी, खरंच वेग कमी केला.

भांडत भांडत त्याच्या पाठातल्या पूर्वेच्या फ्योर्दांपर्यंत आलो. सूर्य नुकताच टेकला होता. डावीकडे आभाळ केशरी, उजवीकडे तळ्याचा बर्फ गुलाबी. बर्फावर मासेमारीच्या शेवटच्या झोपड्या होत्या. मला त्यांच्या दारांचे रंग दिसत होते, एका दाराशी बादली उपडी ठेवलेली दिसत होती. त्याने तिकडेच तोंड केलं होतं. आयुष्य काढलं त्या बर्फावर.

म्हणाला, "दिवे लाव, स्वावा. मिट्ट अंधार झाला."

माझ्या जिभेवर आलं होतं. सगळं आलं होतं, बटणंबिटणं सगळं.

"हो रे," म्हटलं. "झाला खरा."

दिवे लावले. घरी पोचलो तरी चांगला उजेड होता.